आधी पान उलटून बघा

2021 च्या एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रातल्या हजारो घरांना एका औषधाचं नाव पाठ झालं : टॉसिलिझुमॅब. दवाखान्याच्या दारात उभ्या मुलाच्या हातात चिठ्ठी पडायची आणि मग सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबई असे फोन सुरू व्हायचे. 400 मिलिग्रॅमच्या कुपीची छापील किंमत सुमारे 40 हजार रुपये. काळ्या बाजारात ती कितीला जाईल याला धरबंध नव्हता. त्या धावपळीत हे औषध मुळात करोनाचं नाही, संधिवाताचं आहे, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

जपानमधल्या ओसाका विद्यापीठात तादामित्सु किशिमोतो यांच्या गटाने 1986 मध्ये इंटरल्यूकिन-6 या रेणूचं जनुक शोधलं. शरीरात कुठे जखम झाली, जंतू शिरला की पेशी असे रेणू सोडून इतर पेशींना कामाला लावतात. त्या जागेला सूज येते, ताप चढतो, आणि काम झालं की सगळं निवळतं. संधिवातात ते निवळत नाही. सांध्याच्या अस्तरात इंटरल्यूकिन-6 सारखे रेणू वर्षानुवर्षं तयार होत राहतात आणि कूर्चा, हाड झिजत जातं. हा रेणू पेशीवर ज्या जागी येऊन बसतो ती जागा टॉसिलिझुमॅब अडवतं. करोनाच्या काही अत्यवस्थ रुग्णांच्या रक्तात हाच रेणू बेसुमार वाढलेला दिसला, म्हणून डॉक्टरांनी हे औषध हाती घेतलं.

उपयोग झाला का? 2020 मधल्या पहिल्या मोठ्या चाचणीने निराशा केली. मग ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत चार हजारांहून अधिक रुग्ण घेतले गेले. 28 दिवसांत औषध मिळालेल्यांपैकी 31 टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी 35 टक्के. म्हणजे फायदा होता. पण या चाचणीत कुणाला घेतलं होतं हे महत्त्वाचं आहे. ज्यांचा ऑक्सिजन कमी पडत होता आणि ज्यांच्या रक्तातलं सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारं प्रथिन, 75 किंवा त्याहून जास्त होतं, अशांनाच. घरातल्या माणसाला ऑक्सिजनही लागत नसताना दागिने मोडून आणलेल्या कुपीला या आकड्यांचा कसलाच आधार नव्हता.

ज्या औषधांच्या कुळातलं हे टॉसिलिझुमॅब आहे, त्यांना डॉक्टर ‘बायोलॉजिक’ म्हणतात. दमा, अंगावर उठणारं पित्त, इसब, सोरायसिस, संधिवात, आतड्याची जुनाट सूज अशा आजारांत ती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आली. एकेक औषध एकेका रेणूला धरतं. त्यामुळे ती अचूक बसली तर फार काम करतात आणि चुकीच्या रुग्णाला दिली तर जवळजवळ काहीच करत नाहीत. गोळीचं असं नसतं. स्टेरॉइडची गोळी दहा ठिकाणची सूज एकदम दाबते, म्हणून ती बहुतेकांना थोडीफार लागू पडते, आणि म्हणूनच तिचे दुष्परिणामही दहा ठिकाणी होतात : साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, चेहरा सुजतो, मोतीबिंदू लवकर येतो.

सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या द्राक्ष बागायतदाराला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. वेलीवर पांढरं दिसलं म्हणून तो लगेच पंप पाठीवर घेत नाही. आधी पान उलटून बघतो. वर पिवळसर तेलकट डाग आणि पानाखाली पांढरी बुरशी असेल तर दावण्या, ज्याला आता सगळे डाऊनी म्हणतात. पानावर, घडावर राखेसारखी भुकटी असेल तर भुरी. भुरीला गंधक चालतं, दावण्याला ते काही करत नाही. तिथे बोर्डो किंवा दुसरं औषध लागतं. दोन्हीला एकच फवारा मारणाऱ्याची बाग जाते आणि पैसाही जातो. बायोलॉजिकची सगळी गोम एवढ्यातच आहे. औषध नेमकं आहे, म्हणून निदानही तितकंच नेमकं लागतं.

बायोलॉजिक म्हणजे बहुतेक करून प्रतिपिंडं, परक्या गोष्टीला पकडणारी शरीराची प्रथिनं. आणि प्रतिपिंडं औषध म्हणून टोचणं आपल्याकडे मुळीच नवं नाही. रानात साप चावला की ग्रामीण रुग्णालयात जी ‘सापाची लस’ देतात, ती लस नसून प्रतिपिंडंच असतात. मुंबईची हाफकिन संस्था पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहे. घोड्याला नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष थोडं थोडं वाढवत टोचायचं, त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं वेगळी काढायची आणि माणसाला द्यायची. या तत्त्वाची सुरुवात 1890 मध्ये एमिल फॉन बेहरिंग यांनी घटसर्पावर केली. वैद्यकातलं पहिलं नोबेल, 1901 चं, त्यांना त्याबद्दलच मिळालं. पण घोड्याच्या रक्तातली प्रतिपिंडं सरमिसळ असतात. त्यातली थोडीच विषाला धरतात. आणि घोड्याचं प्रथिन माणसाला परकं असल्याने ती देताना अंगावर गांधी उठणं, रक्तदाब पडणं हा धोका असतो.

एकाच लक्ष्याला धरणारी, सगळी अगदी सारखी प्रतिपिंडं हवी तेवढी बनवायची युक्ती 1975 मध्ये केंब्रिजला जॉर्ज कोहलर आणि सीझर मिलस्टाइन यांना सापडली. प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी लवकर मरते; कर्करोगाची पेशी मरत नाही. त्यांनी दोन्ही एकत्र जोडल्या. 1984 मध्ये दोघांना नील्स येर्न यांच्यासह नोबेल मिळालं. तरी उंदराची प्रतिपिंडं माणसाचं शरीर ओळखून नष्ट करत होतं. पुढे ग्रेग विंटर आणि इतरांनी उंदराच्या प्रतिपिंडाचं फक्त टोक ठेवून बाकीचा भाग माणसाचा केला, नंतर पूर्णपणे मानवी प्रतिपिंडंही तयार झाली. आज ही औषधं बहुतेक करून चिनी हॅमस्टर नावाच्या छोट्या प्राण्याच्या अंडाशयातून घेतलेल्या पेशींत, पोलादी टाक्यांत वाढवतात. हे काम महाराष्ट्रातही होतं. पुण्यात ल्युपिनचा जैवऔषध विभाग आहे आणि चाकणला एन्झीन ही कंपनी आहे.

आता तासगावकडे येऊ. फेब्रुवारी ते एप्रिल हा इथला बेदाण्याचा हंगाम. घड उतरवायचे, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, शेडनेटखाली रॅकवर पसरायचे, दोनेक आठवडे वाळू द्यायचे. रंग टिकावा म्हणून गंधकाची धुरी द्यायची. मग मळणी, निवडणी, प्रतवारी. निवडणीला बसलेल्या बहुतेक बायका. शेवटी सौदे. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

याच हंगामात धाप लागणारी तीन माणसं एका दवाखान्यात येऊन बसली आहेत असं समजा. तिघांची तक्रार सारखी आहे, आजार तीन आहेत.

पहिला धुरीच्या खोलीत काम करतो. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड तयार होतो आणि तो श्वासनलिका थेट आवळतो. दमा असलेल्याला निरोगी माणसापेक्षा कितीतरी कमी मात्रेत त्रास होतो. यात ॲलर्जीचं प्रतिपिंड लागत नाही; वायू चिडवतो, एवढंच. या माणसाला जगातलं सगळ्यात महागडं इंजेक्शन दिलं आणि पुन्हा त्याच खोलीत पाठवलं तर तो पुन्हा धापा टाकत येणार. त्याला हवी आहे दाराची नीट सोय, धुरी निवळल्यावरच आत जायची शिस्त, वायूला अडवणारा मास्क आणि श्वासातून ओढायचा दम्याचा पंप. तोंडाला बांधलेला रुमाल धूळ थोडी अडवतो, वायू अडवत नाही.

दुसरा बांधावरचं काँग्रेस गवत उपटतो. गाजर गवत, पार्थेनियम. पुण्यातून त्याची नोंद 1956 मध्ये प्रसिद्ध झाली, आणि नंतर त्याने महाराष्ट्र व्यापला. त्याच्यातल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे मान, पापण्या, कोपराचा आतला भाग इथली कातडी जाड, काळी, खाजरी होते. पुण्यातल्या अशा रुग्णांचं वर्णन 1970 च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांतून जगापुढे आलं. ही ॲलर्जी टी-पेशींची. दोन-तीन दिवसांनी उमटणारी. ती पाठीवर पट्टी लावून तपासतात, रक्तातलं आयजीई मोजून नाही. अशा माणसाला कातडीबरोबर धापही लागत असेल, तर त्या दोन्हींचं कारण एकच आहे असं धरून चालता येत नाही.

तिसरीचा दमा खरोखर ॲलर्जीचा आहे. लहानपणी बाळदमा होता, सकाळी शिंका येतात, बहिणीला इसब आहे. धुळीतले किडे, परागकण, बुरशी यांच्याविरुद्ध तिचं शरीर आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं. हे आयजीई 1966-67 च्या सुमारास दोन ठिकाणी सापडलं : अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी जोडप्याला, आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेन्निख यांना. इशिझाका पती-पत्नींनी रुग्णांच्या रक्तातला अंश स्वतःच्या कातडीत टोचून, गांधी उठते का ते बघत हा शोध लावला. रक्तात आयजीई अगदी थोडं असतं, पण ते मास्ट पेशींवर जाऊन चिकटून बसतं. परागकण आला, दोन शेजारच्या आयजीईंना एकाच वेळी अडकला की पेशी फुटावी तशी खाज-सूज आणणारं हिस्टामिन ओतते.

2003 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं ओमालिझुमॅब हे ॲलर्जीवरचं पहिलं बायोलॉजिक. ते रक्तातल्या मोकळ्या आयजीईला नेमकं त्याच बाजूने पकडतं, जी बाजू पेशीला चिकटणार असते. आधीच चिकटलेल्या आयजीईला त्याला धरता येत नाही, आणि हे बरंच आहे. नाहीतर औषधानेच झटका आला असता. काही आठवडे नवीन आयजीई पेशीपर्यंत पोचलं नाही की पेशीही आपल्या चिकटायच्या जागा कमी करतात. म्हणून परिणाम चार दिवसांत दिसत नाही, तीन-चार महिने थांबून मगच चालू ठेवायचं की बंद करायचं ते ठरवतात. दम्यासाठी मात्रा वजन आणि आयजीईचा आकडा यांच्या तक्त्यावरून ठरते. इंजेक्शन दिल्यावर सुरुवातीला दवाखान्यात थांबवून घेतात, कारण हजारात एखाद-दोघांना या औषधाचीच तीव्र ॲलर्जी येते.

हेच औषध 2014 पासून अंगावर सतत उठणाऱ्या पित्तासाठीही अमेरिकेत मान्य आहे. आपल्याकडे पित्त उठलं की आमसुलाचं पाणी चोळायचं आणि आम्लपित्ताची गोळी घ्यायची हा रिवाज. थंडावा मिळतो, बिघडत काही नाही. पण पोटातल्या आम्लाचा या गांधींशी संबंध नाही. सहा आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज गांधी उठत असतील तर आधी झोप न आणणारी ॲलर्जीची गोळी, गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने तिची मात्रा चौपटीपर्यंत, आणि तरीही थांबत नसेल तर ओमालिझुमॅब. दर चार आठवड्यांनी 300 मिलिग्रॅम. इथे आयजीईचा आकडा बघून मात्रा ठरवावी लागत नाही.

आता या औषधांच्या इतिहासातला मला सगळ्यात शिकवणारा वाटणारा प्रसंग. दम्याच्या अनेक रुग्णांच्या कफात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी दिसतात. त्यांना जगवणारा रेणू म्हणजे इंटरल्यूकिन-5. त्याला पकडणारं मेपोलिझुमॅब तयार झालं, आणि 2000 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पहिला निष्कर्ष आला. रक्तातल्या इओसिनोफिल धडाधड कमी झाल्या, दमा मात्र होता तसाच. 2007 मध्ये 362 रुग्णांची मोठी चाचणी झाली. पुन्हा तेच. इओसिनोफिल आणि दमा यांचा संबंधच नसावा असं बरेच तज्ज्ञ बोलू लागले. औषध जवळजवळ अडगळीत गेलं.

चूक औषधाची नव्हती. या चाचण्यांत दम्याचे रुग्ण दमा आहे म्हणून घेतले होते; त्यांच्या कफात इओसिनोफिल किती आहेत हे निवडताना बघितलं नव्हतं. इंग्लंडमध्ये लेस्टरला प्रणव हलदार आणि सहकाऱ्यांनी, कॅनडात हॅमिल्टनला परमेश्वरन नायर आणि सहकाऱ्यांनी उलट सुरुवात केली. भरपूर स्टेरॉइड घेऊनही ज्यांच्या इओसिनोफिल हटत नाहीत आणि ज्यांचा दमा आवरत नाही, तेवढेच रुग्ण त्यांनी घेतले. हलदार यांच्या चाचणीत 61 जण होते, नायर यांच्या चाचणीत अवघे 20. दोन्ही निबंध मार्च 2009 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’च्या एकाच अंकात आले. लेस्टरला वर्षात प्रत्येकी सरासरी 3.4 झटक्यांच्या जागी 2.0 झटके आले. हॅमिल्टनला रुग्णांची स्टेरॉइडची गोळी बरीच खाली आणता आली. 362 रुग्णांत जे दिसलं नाही ते 20 रुग्णांत दिसलं. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मेपोलिझुमॅबला मान्यता मिळाली, ती इओसिनोफिल वाढलेल्या तीव्र दम्यासाठीच.

त्यानंतर बेनरालिझुमॅब आलं, जे इओसिनोफिलवरच बसून तिला मारायला लावतं. ड्युपिलुमॅब इंटरल्यूकिन-4 आणि 13 या दोघांची एकच वाट बंद करतं. 2017 मध्ये ते इसबासाठी आणि 2018 मध्ये दम्यासाठी मान्य झालं. डोळे लाल होणं ही त्याची नेहमीची कटकट. 2021 च्या अखेरीस आलेलं टेझेपेलुमॅब आणखी वरच्या टप्प्यावर, श्वासनलिकेच्या अस्तरातून निघणाऱ्या पहिल्या इशाऱ्यावर काम करतं, म्हणून इओसिनोफिल फार नसलेल्या काहींनाही त्याचा उपयोग होतो. नावं लक्षात ठेवायची गरज नाही. दर वर्ष-दोन वर्षांनी नवीन येतंच.

मात्र ही सगळी गणितं लेस्टर आणि हॅमिल्टनच्या रुग्णांवर बसवलेली आहेत. तासगावच्या रुग्णाच्या रिपोर्टात इओसिनोफिल आणि आयजीई वाढलेले दिसले, तर त्याला पहिलं कारण दुसरंच असू शकतं : जंत. आयजीई आणि इओसिनोफिल ही शरीराची जुनी तजवीज जंतांसाठीच असावी, असं मानतात. अनवाणी ओल्या मातीत वावरणाऱ्याला पायातून शिरणारे जंत होतात. त्यातला स्ट्राँगिलॉइड्स नावाचा एक तर असा, की त्याच्यावर स्टेरॉइड दिलं तर तो सगळ्या शरीरात पसरून जीव घेऊ शकतो. शौचाची तपासणी आणि जंताचं औषध काही रुपयांत होतं. ते न करता हजारोंच्या इंजेक्शनकडे जाणं हा शुद्ध आळस आहे, मग तो डॉक्टरचा असो की रुग्णाचा.

दुसरं कारण एबीपीए. अस्परजिलस नावाची बुरशी, जी कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यात, ओलसर धान्यात सगळीकडे असते, ती काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकेत ठाण मांडते. आयजीई हजाराच्या वर जातं, तपकिरी गाठीसारखा कफ पडतो, छातीच्या फोटोत डाग दिसतात. डाग दिसला की आपल्याकडे पहिला शब्द टीबीचा निघतो, आणि असे कित्येक रुग्ण टीबीच्या गोळ्या खाऊन बसतात. चंदीगडच्या पीजीआयमधले डॉ. रितेश अगरवाल आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षं या आजारावर काम करत आहेत. तो भारतात समजलं जातं त्याहून बराच जास्त आढळतो असं त्यांचं म्हणणं आहे. त्यावर आधी चालतात ती बुरशीची गोळी इट्राकोनाझोल किंवा स्टेरॉइड, इंजेक्शन नंतर.

टीबीचा विषय निघालाच आहे, तर तो नीट बघू. सांगली आणि मिरज यांच्यामध्ये वानलेसवाडी आहे. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरने मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुग्णालय काढलं. क्षयरोग्यांसाठीचं आरोग्यधाम पुढे याच परिसरात उभं राहिलं. टीबीची गोळी येण्याआधीच्या काळात दक्षिण महाराष्ट्रातले क्षयरोगी मोकळ्या हवेसाठी इथे येत. आज आजार बरा होतो, पण संपलेला नाही. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 वर्षांवरच्या सुमारे 31 टक्के लोकांत टीबीचा जंतू शरीरात असल्याची खूण दिसली. त्यातले बहुतेक जण कधीच आजारी पडत नाहीत. शरीराने जंतूभोवती पेशींची गाठ बांधून त्याला कोंडून ठेवलेलं असतं.

ती गाठ बांधून धरणारा एक रेणू म्हणजे टीएनएफ. लंडनच्या केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी दाखवलं, की संधिवाताच्या सांध्यात हाच रेणू सगळ्यांत वर बसलेला असतो; त्याला थांबवलं की बाकीचे रेणूही शांत होतात. 1992 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णांना इन्फ्लिक्सिमॅब दिलं. वर्षानुवर्षं आखडलेले रुग्ण काही दिवसांत जिना चढू लागले. 1998 मध्ये इन्फ्लिक्सिमॅब आणि इटॅनरसेप्ट, 2002 च्या शेवटी अडालिमुमॅब अशी ही औषधं अमेरिकेत बाजारात आली, आणि संधिवात, कण्याचा आखडणारा आजार, सोरायसिस, आतड्याची सूज यांच्या उपचाराचं चित्र पालटलं.

मग 2001 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे आलेल्या नोंदी एकत्र करून एक निबंध निघाला. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या 70 जणांना टीबी झाला होता, बहुतेकांना पहिल्या काही महिन्यांतच, आणि निम्म्याहून अधिकांना फुप्फुसाबाहेर. टीएनएफ अडवला, गाठ सैल झाली, कोंडलेला जंतू बाहेर पडला. या नोंदी मुख्यतः टीबी कमी असलेल्या देशांतल्या होत्या. आपल्याकडे त्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. म्हणून आज टीएनएफ अडवणारं औषध सुरू करण्याआधी छातीचा फोटो, कातडीतली किंवा रक्तातली टीबीची चाचणी करतात, आणि जंतू दडलेला निघाला तर आधी प्रतिबंधक गोळ्या सुरू करून मगच इंजेक्शन. दडलेली कावीळ बी हीसुद्धा बघावी लागते. ओमालिझुमॅब किंवा मेपोलिझुमॅबमध्ये टीबीची ही भीती नाही, कारण ती दुसऱ्याच रेणूला धरतात. सगळी बायोलॉजिक एकाच मापाने मोजून ‘प्रतिकारशक्ती मारणारी इंजेक्शनं’ म्हणणं म्हणूनच चुकीचं आहे.

खर्चाचं काय? महिन्याला औषधागणिक काही हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत, आणि बहुतेकदा वर्षानुवर्षं. ही औषधं आजार उपटून काढत नाहीत. थांबवली की तो बऱ्याच जणांत परततो. थोडा दिलासा नक्कल औषधांनी दिला, ज्यांना बायोसिमिलर म्हणतात. झायडस कॅडिलाने डिसेंबर 2014 मध्ये अडालिमुमॅबचं जगातलं पहिलं बायोसिमिलर भारतात आणलं, अमेरिकेतल्या किमतीच्या सुमारे पाचव्या भागात. बेंगळुरूच्या बायोकॉनने तर 2013 मध्ये नक्कल नव्हे, क्यूबातल्या संशोधकांबरोबर तयार केलेलं नवं औषध, इटोलिझुमॅब, सोरायसिससाठी आणलं. विमा असेल तर पॉलिसी काढून वाचा : विमा नियामकाने 2019 मध्ये ज्या आधुनिक उपचारांना सरसकट वगळू नये असं सांगितलं, त्यांत मोनोक्लोनल अँटिबॉडीचं, म्हणजे अशा एकसारख्या प्रतिपिंडांचं, इंजेक्शन आहे. कंपनी रकमेची मर्यादा घालू शकते, ती किती ते विचारा.

टोफासिटिनिबसारख्या गोळ्या स्वस्तात मिळतात आणि त्या बायोलॉजिकची जागा घेतील असं बोललं जातं. त्या काम करतात हे खरं. पण त्या एका रेणूऐवजी पेशीच्या आतली, अनेक रेणूंची सामाईक वाट अडवतात. 2021 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयविकार, रक्ताच्या गुठळ्या आणि कर्करोग यांबाबत त्यांच्यावर कडक इशारा छापायला लावला. गोळी आहे म्हणून सौम्य, हा हिशोब इथे लागू होत नाही.

आणि आता जे म्हणायचं होतं ते. नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात दम्याच्या प्रौढ रुग्णांपैकी खऱ्या अर्थाने तीव्र, म्हणजे पंप नियमित आणि बरोबर घेऊनही न आटोपणारा दमा चार टक्क्यांहून कमी जणांनाच होता. बायोलॉजिकची गरज या थोड्यांना. भारतात साडेतीन कोटींच्या आसपास दमेकरी आहेत, आणि जगातल्या दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक एकट्या भारतात होतात असा अंदाज आहे. हे मृत्यू महागडं इंजेक्शन न मिळाल्याने होत नाहीत. ‘ग्लोबल ॲस्थमा नेटवर्क’च्या भारतातल्या पाहणीत छातीत घरघर असणाऱ्यांपैकी 82 टक्क्यांना दमा असल्याचं कुणी सांगितलंच नव्हतं, आणि स्टेरॉइडचा पंप रोज घेणारे अडीच टक्केही नव्हते. ज्यांना निदान माहीत होतं त्यांच्यातही दहा टक्क्यांहून कमी.

‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनलिकेत जातं. गोळीतलं मिलिग्रॅममध्ये असतं आणि सगळ्या अंगाला लागतं. पंपाला घाबरून दर हंगामाला स्टेरॉइडचं इंजेक्शन टोचून घेणारा माणूस लहान मात्रा टाळून मोठी मात्रा घेत असतो. मृगाला हैदराबादला माशाचं औषध घ्यायला जाणारे, कोजागिरीच्या रात्री औषधी खीर घेणारे असतात. त्यांची चेष्टा करण्यात अर्थ नाही, धाप लागलेला माणूस काहीही करून बघतो. पण त्या वर्षभरात रोजचा पंप तीनशे पासष्ट दिवस वापरून बघितला का, हे त्यांना कुणीतरी विचारायला हवं. कातडीचंही तेच. दुकानातून स्वतःच आणलेल्या मिश्र स्टेरॉइड मलमांनी गजकर्ण इतका बिघडला, की सरकारला 2018 मध्ये 14 स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घालावी लागली.

हे सगळं करूनही ज्याचा दमा आवरत नाही, ज्याला वर्षात दोन-तीनदा स्टेरॉइडची गोळी घ्यावी लागते, ज्याची गांधी महिनोन्‌महिने जात नाही, ज्याचे सांधे मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं नेहमीचं औषध घेऊनही सुजलेलेच आहेत, त्याने बायोलॉजिकबद्दल जरूर विचारावं. त्याच्यासाठी ही औषधं आयुष्य बदलणारी आहेत, आणि खर्चाच्या भीतीने त्यांचं नावही न काढणं हाही अन्यायच. मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 1962 पासून आहे, सांगलीचं सिव्हिल त्याला जोडलेलं आहे. तासगावहून तिथे पोचायला तासाभराच्या आसपास लागतो. जाताना जुने छातीचे फोटो, इओसिनोफिलचे आणि आयजीईचे जुने आकडे, आजवर घेतलेल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या आणि हातातला पंप घेऊन जा. पंप डॉक्टरांसमोर एकदा ओढून दाखवा; बऱ्याच जणांचं औषध जिभेवरच राहतं आणि त्यालाच ते तीव्र दमा समजत असतात. कुठला रेणू वाढला आहे, तो कशावरून ठरवला, जंत आणि टीबी तपासले का, किती महिन्यांनी फायदा मोजायचा आणि नाही झाला तर कधी थांबायचं, एवढं विचारल्याशिवाय पहिल्या इंजेक्शनला दंड पुढे करू नका. इंजेक्शन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं औषध वाया जातं. आणि ते सुरू झाल्यावर कितीही बरं वाटलं तरी रोजचा पंप स्वतःच्या मनाने बंद करू नका.